कथेत वारलेले बाबा

गिरणी बंद पडल्यावर बाबा आठवडाभर घरी बसले. मग मल्हारगंजात शेवेचं दुकान टाकून ते मजेत राहिले. पण सुखी माणसाची कथा छापणार कोण? म्हणून मी कथेत त्यांना गिरणीच्या फाटकाशी झुरून मरायला लावलं.

कथेला बक्षीस मिळालं. समारंभात अध्यक्षबाईंनी आईचे हात धरले. "फार सोसलंत हो!"

आईने गोंधळून शेजारी पाहिलं. शेजारी बसून कचोरी खाणारे बाबा उठले. "तो मेलेला मीच, मॅडम. दुकानपे कभी आइए."

बाईंचा चेहरा उतरला. बाबा जिवंत निघाल्याने त्यांची मोठीच निराशा झाली.

घरी येताना बाबा म्हणाले, "पुढच्या वेळी बीमार दाखव, चालेल. मारू नकोस. तुझी आत्या फोनवर रडत होती, तिला समजावता समजावता थकलो."