नाचणगावहून परतलेला गडी

हिंगणीच्या बाजारात तो दर आठवड्याला माझ्याकडूनच वांगी घ्यायचा. पिशवी उघडी धरायचा आणि बघायचा भलतीकडेच. भाव कधी केला नाही. भाव न करणाऱ्या माणसाचा मला राग येतो.

आमच्या कबड्डी संघात त्याच्यासारखी चढाई करणारा दुसरा नव्हता. गडी बाद केला की त्यालाच विचारायचा, "लागलं नाई ना?" गेल्या वर्षी तो नाचणगावच्या संघात गेला आणि अंतिम सामन्यात आमचे पाच गडी बाद केले. पाचही जणांना विचारलं. तेव्हापासून मी त्याच्या पिशवीत दर खेपेला दोन किडकी वांगी सारत आलो.

यंदा तो परत यायला तयार होता. खेळाडू म्हणाले, घ्या. संघ मी चालवत होतो. दोन वर्षं कुठे जाणार नाही असं त्याच्याकडून कबूल करून घ्यायचं ठरवलं आणि वादाची पूर्ण तयारी करून बाजारात बसलो.

तो आला, वांगी घेतली, माझी अट ऐकली. मग तिथेच उकिडवा बसला आणि एका हाताने गुडघा दाबत माझ्या पोत्याला धरून कसाबसा उठला.

"भाऊ, टोंगळा असा हाय. यंदाचा हंगाम निघन. दोन वर्साचं मले नाई सांगता येत."

"हे काऊन दाखवून राह्यला बे? घेणाऱ्याले कोणी खोट दाखवते का?"

"तुमाले मालूम असाले पाह्यजे ना."

"सकाळी मैदानात येजो," मी म्हटलं, आणि त्याची पिशवी मागून घेऊन त्यातली दोन वांगी बदलून दिली.