अर्धी अर्धी बाटली

समोर मूल बसलं की अक्का आधी आईला बाहेर काढायची. दार लोटून मुलाच्या उंचीला वाकायची आणि तमिळमध्ये सांगायची, "तुला नको असेल तर नको म्हण. कुणी रागावणार नाही." मला दर वेळी वाटे, आता हे पोर नको म्हणणार आणि आमची महिनाभराची खटपट पाण्यात जाणार.

तंजावूरच्या आमच्या मुलांच्या दवाखान्यात फिट येणाऱ्या मुलांसाठी एका नव्या औषधाची चाचणी चालली होती. अक्का तिथली नर्स, मी कागदपत्रं सांभाळणारा. दवाखान्यात घरी तंजावूरची जुनी मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे डॉक्टरांची थट्टा त्यांच्या तोंडावर बिनधास्त चाले.

निम्म्या मुलांना नेहमीच्या गोळ्यांसोबत खरं औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं गोड पाणी. कुणाला काय, ते अक्कालाही ठाऊक नसे. पण हे आयांना कोण पटवणार? अशा आया तुम्हीही पाहिल्या असतील. त्या चकलीसारखे मुरुक्कू आणत, गजरा आणत आणि हळूच म्हणत, "अक्का, आमच्या पोरीला खरी बाटली द्या." अक्का मुरुक्कू परत करी, गजरा ठेवून घेई. "फुलांस नको कसं म्हणायचं रे," म्हणे.

त्यांतल्या दोघी बाकावर शेजारी बसून मैत्रिणी झाल्या. एकीच्या आठ वर्षांच्या मुलीच्या फिट जवळजवळ थांबल्या होत्या. दुसरीच्या मुलीला काहीच फरक नव्हता. मग पहिलीने आपल्या बाटलीतलं अर्धं तिला दिलं आणि तिचं अर्धं आपण घेतलं, शेजारणीला विरजण द्यावं तसं. वर अक्कालाही आनंदाने सांगितलं, "तिचं लेकरू पडत असताना मी एकटीच कशी पाजू?"

मी म्हटलं, "अक्का, हे लिहू नकोस. कुणाला कळतंय?"

"लेकरांच्या पोटात काय गेलं, ते कागदावर खरं नको?"

तिने लिहिलं. नियमाप्रमाणे दोन्ही मुली चाचणीतून बाहेर झाल्या. औषध हळूहळू कमी करून बंद केलं. ते चालू ठेवा म्हणून अक्काने औषध कंपनीला पत्रांवर पत्रं पाठवली. काही उपयोग झाला नाही.

दोन महिन्यांनी पहिल्या मुलीला कालव्यात फिट आली. आई पायरीवर कपडे पिळत होती. पाणी गुडघाभरच होतं.

अक्का त्यांच्या घरी गेली. आईने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने कॉफी दिली आणि विचारलं, "मी अर्धं वाटलं म्हणून गेली का हो ती?" हे मला सांगताना अक्का टेबलावर डोकं ठेवून रडली. मी तिच्या कोपराखालचे कागद ओढून घेतले, भिजू नयेत म्हणून. माझी मलाच चीड आली. त्याच आठवड्यात तिने नोकरी सोडली.

चाचणी संपल्यावर कुणाला काय दिलं होतं त्याची यादी आली. ती बघायला अक्का तिरुवैयारूच्या घरून बसने आली. मी आधीच वाचली होती. कागद खणात सरकवून म्हणालो, "दोघींनाही गोड पाणीच होतं अक्का. तुझ्यामुळे काही झालं नाही."

तिने नुसता हात पुढे केला. मी कागद देईना, ती हात मागे घेईना. शेवटी दिला.

दोघींच्याही क्रमांकापुढे खरं औषध होतं. दोन्ही बाटल्या सारख्याच, वाटून घेण्यासारखं काही नव्हतंच. अक्काने दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं आणि कागदाची घडी करून माझ्या हातात ठेवली.

"तुज किती सहज येतं रे खोटं," ती म्हणाली. "मज ते लिहिलं त्या एका दिवशी यायला हवं होतं."