टँकरवर गेलेल्या रायफली

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा पोलिसांचं शस्त्रागार म्हणजे पत्र्याची एक खोली होती. मी तिथं कारकून होतो. रायफली सांभाळणारे जमादार माझ्यासमोर बसायचे. पाऊस दोन वर्षं रुसला होता; एका माठावर आमचा दिवस निघायचा.

लष्करातल्यासारखी एसएलआर रायफल उघडून दाखवायचा त्यांना भारी सोस. "बघा भाऊसाहेब, गोळी सुटली की तिचाच ग्यास मागं येतो, पिस्टनला ढकलतो. रिकामी पुंगळी भाईर, नवी गोळी आत. माणसाचं काम काय? निस्तं बोट दाबायचं." हे मी शंभरदा ऐकलं असेल. मला कंटाळा यायचा. त्यांनाही येत असावा, पण तेलाची चिंधी हातात आली की ते बोलायचेच.

त्या उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरवर दगडफेक झाली. दोन शिपायांना रायफली देऊन टँकरबरोबर पाठवायचा साहेबांचा हुकूम आला. जमादारांनी रायफली काढल्या आणि दोन्हींच्या नळीवरची ग्यासची चावी फिरवून बंद केली.

"आता नवी गोळी आपोआप चढणार न्हाई," ते शिपायांना म्हणाले. "दर खेपेला हँडल हातानं वढायचं."

शिपाई गेल्यावर मी विचारलं, "साहेबांना सांगितलंत?"

"न्हाई." त्यांनी चिंधीची घडी घातली. "पहिली गोळी माणूस भिऊन बी मारतो, भाऊसाहेब. दुसरीच्या आधी त्याला समोरची घागर दिसाय पाहिजे."