दोरीचं दुसरं टोक

जर्मनीत रेगेन्सबर्गला नोकरीला आलो त्या वर्षी रविवार जाता जात नसे. दुकानं बंद, ओळखीचं कुणी नाही. मग नदीकाठच्या मैदानात बाकावर बसून राहायचो. तिथे एक ऑस्ट्रेलियन म्हातारा पोरांना रग्बी लीग, म्हणजे तेरा-तेरा जणांचं रग्बी, शिकवायचा. सामन्याआधी चुन्याच्या रेघा तोच मारायचा.

एकदा त्याने माझ्या हातात दोरीचं टोक दिलं. "घट्ट धर." दुसरं टोक घेऊन तो मैदानापलीकडे गेला, ते जड दगडाखाली दाबलं, एक डोळा मिटून दोरी बघितली आणि तिच्या कडेने चुना सोडत परत आला. तेव्हापासून दर रविवारी ते माझं काम. पोरं मला नावाने हाक मारू लागली, खेळ संपला की सूप देऊ लागली. म्हाताऱ्याचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.

त्याच्या देशात या खेळाला शंभर वर्षं झाली, तेव्हा त्याने इथेही सोहळा ठेवला. नेमका त्या दिवशी मला उशीर झाला. धावत पोचलो तर बहुतेक रेघा मारून झालेल्या, अगदी सरळ. दोरीचं माझं टोक एका गंजक्या लोखंडी खुंटीला बांधलेलं.

"म्हणजे माझी गरजच नव्हती तुम्हाला?"

"दोरीला नव्हती," चुन्याचे हात पँटला पुसत तो म्हणाला. "आमचा खेळ असाच वाढला. बाकावर कुणी एकटा दिसला, की त्याच्या हातात काहीतरी द्यायचं."

एक रेघ राहिली होती. मी खुंटी उपटली आणि टोक घट्ट धरलं.