कापड दाबून मोजायचं असतं

गेल्या महिन्याची नऊ तारीख, रविवार, सकाळचे अकरा. रक्कम रुपये पाच हजार. हजर : आमच्या रायफल क्लबचे अध्यक्ष, खजिनदार, झोपून नेम मारणारे अकरा जण आणि उभ्यानं मारणारे नऊ, त्यात मी. उस्मानभाईंना जाऊन आठवडा झाला होता. शोकसभा एकवीस मिनिटं चालली. त्यातली चौदा मिनिटं अध्यक्ष बोलले आणि तेवढ्यात त्यांनी उस्मानभाईंना पाच वेळा ‘आपले शिंपी’ म्हटलं, एकदाही ‘नेमबाज’ म्हटलं नाही. हा माणूस चौतीस वर्षं दर रविवारी पन्नास मीटरच्या रेंजवर पोटावर झोपून नेम मारत होता. सहाशेपैकी पाचशे ब्याण्णव ही त्यांची बेरीज क्लबच्या फळ्यावर लिहिलेली आहे, ती आजवर कोणाला मोडता आलेली नाही... आणि ते आपले शिंपी! शेवटी पाच हजारांचं पाकीट माझ्या हातात दिलं गेलं. ‘मदत म्हणून घरी पोचवा, मुळे. तुमचं जाणं-येणं आहे.’

त्याच दुपारी मी छावणीत उस्मानभाईंच्या घरी गेलो. बाजारातलं दुकान पुढं, घर मागं, मधे एक हिरवा पडदा. नूरजहाँभाभी इद्दतीत, नवरा गेल्यावर बाईनं घरात एकांतात काढायच्या दिवसांत, म्हणजे पडद्याआडूनच बोलणं. मी उस्मानभाईंच्या स्टुलावर बसलो. समोर मशीन झाकलेलं, आणि खिळ्याला त्यांचं स्वतःचं नेमबाजीचं जॅकेट, कोपरांवर ठिगळावर ठिगळ. मी पाकिटाचं सांगितलं. मग भाभींनी विचारलं, ‘‘त्यात पन्नास रुपये आहेत का?’’

‘‘भाभी, पाच हजार आहेत.’’

‘‘पाच हजाराचं नाही विचारलं, भाऊजी. वो पन्नास हैं क्या?’’

मी नाही म्हणालो. ‘‘तो नक्को. वापस घेऊन जा.’’ आणि पडद्याखालून एक जाडजूड वही पुढं सरकली. ‘‘तुमचं पान काढून बघा.’’

ते पन्नास रुपये कसले, हे सांगायचं तर मला एकवीस वर्षं मागं जावं लागेल आणि त्यात माझी स्वतःची शोभा नाही. पण आकडे खरे सांगायचे तर सगळेच सांगावे लागतात.

उस्मानभाईंचे वडील निजामाच्या पलटणीच्या वर्द्या शिवत. पोलिस ॲक्शननंतर ती पलटण गेली, दुसरी आली. ‘वर्दीचा रंग बदलला, छातीचं माप तेच राहिलं,’ असं वडील म्हणत. मुलानं वर्द्या शिवता शिवता नेमबाजांची जॅकेटं शिवायला घेतली. हे जॅकेट म्हणजे कॅनव्हास आणि अस्तर यांचं इतकं ताठ प्रकरण की जमिनीवर ठेवलं तर आत माणूस नसताना उभं राहतं. परदेशी जॅकेटाला माझा दीड महिन्याचा पगार लागायचा. उस्मानभाई त्याच्या सहाव्या हिश्शात शिवून देत.

मी सव्वीस वर्षांपूर्वी क्लबात आलो, तेव्हा एका सरकारी कचेरीत लेखा शाखेत नुकताच लागलो होतो. मी छर्ऱ्याच्या रायफलीचा : दहा मीटर, बंद हॉल, उभ्यानं. उस्मानभाई काडतुसाच्या रायफलीचे : पन्नास मीटर, उघडं मैदान, झोपून. दोन्हीकडं साठ गोळ्या, दोन्हीकडं सहाशे गुण, आणि दोन्हीकडच्यांना दुसऱ्याचा खेळ हा खेळच वाटत नाही. जत्रेत फुगे फोडायला आमच्यासारखीच छर्ऱ्याची बंदूक असते, म्हणून आम्ही ‘फुगेवाले’. ते ‘लोळणारे’. त्यांच्या रायफलींच्या आवाजानं आमच्या हॉलात लक्ष लागत नाही ही आमची तक्रार, आम्हाला पंखे आणि त्यांच्या डोक्यावर पत्राही नाही ही त्यांची.

‘‘काय मुळेसाब, किती फुगे फुटले आज?’’ उस्मानभाई दर रविवारी विचारायचे.

‘‘तुमची झोप झाली का?’’ मी विचारायचो. ‘‘झोपून काय, आमची मांजर पण मारेल.’’

‘‘उभा तर बिजलीचा खांब पण राहतो. आणि दहा मीटर? अहो, तेवढ्यावर तर मी सुईत दोरा ओवतो.’’

पण शिवायला बसले की हे सगळं बाजूला. उभं राहणाऱ्याच्या जॅकेटाला कमरेत आधार कुठं लागतो हे कळावं म्हणून त्यांनी एका पावसाळ्यात माझी रायफल घेऊन सलग सहा रविवार उभ्यानं नेम मारला. बेरीज एकदाही पाचशेच्या वर गेली नाही. ‘‘फुगेवाल्यांचं दुखणं लई वाईट आहे,’’ म्हणाले, ‘‘माणूस उभा राहिला की त्याचं काळीजच रायफल हलवतं.’’ त्यांची मापाची वही उजवीकडून उघडली की उर्दूत झोपून मारणाऱ्यांची मापं, डावीकडून उघडली की मराठीत आमची. दोन टोकांनी दोन टोळ्या, मधे कोरी पानं. ती वही आता पडद्याखालून माझ्यासमोर आली होती.

एकवीस वर्षांपूर्वी आमच्याच क्लबात विभागीय निवड स्पर्धा झाली. मी सरावात पाचशे अडुसष्टच्या आसपास मारत होतो. पाचशे साठला निवड होईल असा सगळ्यांचा अंदाज होता. सकाळी साहित्य तपासताना माझं जॅकेट बाद झालं. नियम असा की जॅकेटाचं कापड अडीच मिलिमीटरपेक्षा जाड नको, नाहीतर ते माणसाला टेकू देतं. नियमाची दुसरी ओळ अशी की मोजताना कापडावर पाच किलोचा दाब हवा. तपासनीस साध्या कॅलिपरनं, वरवर धरून मोजत होते. आकडा आला दोन पूर्णांक आठ.

उस्मानभाई संघाचे व्यवस्थापक होते, कारण ते बिनपैशाचं काम दुसऱ्या कोणाला नको होतं. ते टेबलापाशी गेले. ‘‘साहेब, वजन कुठंय?’’

‘‘कसलं वजन?’’

‘‘पाच किलोचं. कापड दाबून मोजायचं असतं. तुम्ही कपडा नाय मोजायलेत, आतली हवा मोजायलेत.’’

मागं कोणीतरी हसलं. तपासनीस लाल झाले. ‘‘आता शिंप्यानं आम्हाला नियम शिकवायचे?’’

‘‘कापडाचं शिंप्यानं नाय सांगायचं तर कोणी, हलवायानं?’’

आक्षेप नोंदवायचा तर पन्नास रुपये शुल्क भरावं लागे. आक्षेप मान्य झाला तर पैसे परत, नामंजूर झाला तर जप्त. उस्मानभाईंनी खिशातून पन्नास काढून पावती घेतली. तासाभरानं निकाल आला : नामंजूर, शुल्क जप्त. वजन आणलं गेलं नाही, नियमपुस्तक उघडलं गेलं नाही. यजमान म्हणून निकालाच्या कागदावर सही आमच्याच क्लबची होती आणि शुल्कही क्लबातच जमा झालं.

आणि ज्याचं जॅकेट, तो मी काय करत होतो? भिंतीला टेकून उभा होतो. पुढच्या महिन्यात दुसरी निवड होती आणि तपासनीस तेच असणार होते. मी हिशेब केला आणि गप्प राहिलो. जॅकेटाविना नेम मारला, पाचशे एकेचाळीस आले. त्या आक्षेपापायी उस्मानभाई स्वतःच्या स्पर्धेला उशिरा पोचले. नेम जुळवायच्या पंधरा मिनिटांतली अकरा मिनिटं गेली होती. त्यांचे पाचशे शह्याऐंशी झाले, निवड पाचशे सत्त्याऐंशीला थांबली. एका गुणानं. मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो, तर हसले. ‘‘लोळणाऱ्यानं फुगेवाल्यासाठी भांडायचं म्हणजे असंच होणार, मुळेसाब.’’

दुसऱ्या निवडीसाठी मी कर्ज काढून परदेशी जॅकेट घेतलं. निवड तरीही झाली नाही. ते जॅकेट मी पहिल्यांदा घालून आलो तेव्हा उस्मानभाईंनी नुसतं बघितलं. ‘‘खांद्यात ढिलं आहे. द्या, दोन टाके मारून देतो.’’ मी दिलं. पैसे घेतले नाहीत. त्या दिवसाइतका ओशाळा मी पुन्हा कधी झालो नाही.

‘उस्मानच्या जॅकेटात खोट असते’ हे मग सगळीकडं पसरलं. आधीच्या वर्षी बाहेरगावची चौदा जॅकेटं त्यांनी शिवली होती, नंतरच्या वर्षी दोन. आमच्या क्लबातले मात्र त्यांच्याकडंच शिवत राहिले, कारण स्वस्त होतं. याचाच मला संताप येतो. वापरायला खरं आणि कागदावर खोटं! उस्मानभाई दर वर्षी वार्षिक सभेला एका ओळीचा अर्ज देत : शुल्क परत मिळावं. एकोणीस अर्ज, कारण दोन वर्षं सभाच झाली नाही. उत्तर एकच, जुनं प्रकरण आहे. एकदा एका पदाधिकाऱ्यानं खिशातून पन्नासची नोट काढली. ‘‘हे माझ्याकडून घ्या उस्मानभाई, आणि मिटवा एकदाचं.’’

‘‘तुमचे नको साहेब. क्लबाचे पायजेत.’’

लोक याला हट्ट म्हणत. मीही मनात म्हणत असे. ते पन्नास परत येणं म्हणजे जॅकेट बरोबर होतं असं क्लबनं मान्य करणं, एवढा साधा हिशेब लेखा शाखेतल्या माणसाला कळायला एकवीस वर्षं लागली. तेही एका पडद्यासमोर बसून. वहीत माझ्या पानाला ती पावती टाचणीनं लावलेली होती, आणि पावतीखाली माझ्या जॅकेटातून उरलेला कॅनव्हासचा अस्तरासह तुकडा. कोरा, न वापरलेला. कधीतरी कोणीतरी नीट मोजेल म्हणून ठेवलेला...

मी भाभींकडून वही मागून घेतली, पाकीट क्लबात परत केलं आणि भागवतला फोन केला. भागवत फुलंब्रीचा, झोपून मारणाऱ्यांचा म्होरक्या. पंख्यांवरून माझं आणि त्याचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, ‘‘व्हय का? मग आमची बी मोजू द्या की.’’

सोळा तारखेच्या रविवारी क्लबात एकही गोळी सुटली नाही. अकरा लोळणारे आणि नऊ फुगेवाले आपापली जॅकेटं घेऊन कचेरीत आले. माझं बाद झालेलं जॅकेट मी एवढी वर्षं टाकलं नव्हतं, तेच नेलं. टेबलावर जागा पुरेना म्हणून जॅकेटं खुर्च्यांवर ठेवली, तर ती ताठ बसली, कार्यकारिणीच्या सभेला बसावीत तशी. अध्यक्ष आत आले आणि दारातच थांबले.

‘‘या साहेब,’’ भागवत म्हणाला, ‘‘कोरम झालाय.’’

‘‘मुळे, हा काय तमाशा आहे?’’

‘‘तमाशा नाही, हिशेब आहे,’’ मी म्हणालो. ‘‘तुमच्या कपाटात छत्तीस करंडक आणि ढाली आहेत. त्यातल्या एकोणतीस उस्मानभाईंनी शिवलेल्या जॅकेटात जिंकलेल्या आहेत. त्यांच्या जॅकेटात खोट असेल तर आज एकोणतीस परत पाठवा. नसेल तर पन्नास रुपये परत द्या. दोन्ही ठेवता येणार नाही.’’

‘‘एवढे पाच हजार दिले होते ना आपण...’’

‘‘पाच हजार द्यायची तुमची तयारी आहे, पन्नास द्यायची नाही. का ते तुम्हालाही माहीत आहे.’’

दाब देऊन मोजायचं यंत्र क्लबनं सहा वर्षांपूर्वीच घेतलं आहे. खजिनदारांनी ते कपाटातून काढलं. वापरून दबलेलं जॅकेट नको म्हणून मी वहीतला कोरा तुकडा दिला. वजन न लावता दोन पूर्णांक आठ. पाच किलो लावल्यावर दोन पूर्णांक चार, अडीचच्या आत. त्यांनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेवढंच.

खजिनदारांनी व्हाउचर काढलं आणि कारणाच्या रकान्यात ‘मदत’ लिहिलं. मी खोडायला लावलं. दुसऱ्या व्हाउचरवर ‘सद्भावना म्हणून’. तेही फाडायला लावलं. अध्यक्ष म्हणाले, मुळे, तुम्ही फार ताणता. मी म्हणालो, एकवीस वर्षांपूर्वी ताणायला हवं होतं, तेव्हा ताणलं नाही. तिसऱ्या व्हाउचरवर मी सांगितलं तेवढंच लिहिलं गेलं.

दुपारी छावणीत भागवत माझ्याबरोबर आला, पण दुकानाच्या पायरीवरच बसला. मी आत स्टुलावर. समोर खिळ्याला ते ठिगळांचं जॅकेट तसंच, बाह्या अजून कोपरात वाकलेल्या, रायफल धरल्यासारख्या. मी पन्नासची नोट आणि व्हाउचर पडद्यापाशी ठेवलं.

‘‘ते पैसे राहू द्या तिथं,’’ भाभी आतून म्हणाल्या. त्यांना मराठी वाचता येत नाही. ‘‘कागदावर काय लिहिलंय?’’

‘‘आक्षेप मान्य. शुल्क परत.’’

‘‘फिर से पढो, भाऊजी.’’

मी पुन्हा वाचलं. मग मी तिसऱ्यांदा वाचलं, या वेळी उभं राहून, शेजारच्या दोन दुकानांत ऐकू जाईल एवढ्यानं. पडद्याखालून हात आला आणि व्हाउचर आत गेलं. परत आलं तेव्हा मी लिहून घेतलेल्या शेवटच्या ओळीखाली उजवीकडून डावीकडं जाणारी उर्दू सही होती.

रुपये पन्नास फक्त. घेणार : नूरजहाँ, उस्मान शेख नेमबाज यांच्या पत्नी.