अर्धी घासलेली घंटा

काल सारासाठी चिंच भिजत घातली आणि त्या आंबट वासानं माझं डोकंच फिरलं. सकाळीच भावजयीचा बंगळुरातल्या मारतहळ्ळीहून फोन आला होता. "अक्का, तुमचा भाऊ जेवलेलं ताटही उचलत नाही. लहानपणी त्याला कुणी काही शिकवलंच नाही का?"

शिकवलं नाही? अगं, तो आपणहून शिकत होता!

ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. गौरीच्या आदल्या दिवशी चामराजपेटच्या घरी मागच्या नळापाशी मी पूजेची पितळी भांडी चिंचेनं घासत होते. पाच-सहा वर्षांचा मधू शेजारी उकिडवा बसला आणि त्यानं देवाची घंटा उचलली. कोपरापर्यंत कोळ माखलेला, जीभ बाहेर. काळ्या पितळेतून सोनेरी रंग दिसू लागला तसा तो ओरडला, "अक्का, बघ, मी केलं!"

आई कानडी-मराठीत तणतणतच बाहेर आली. "साकू रे, पुरे! ऊठ! हे काय मुलग्यांचं काम? आणि तू गं, त्याला कामाला लावतेस?" त्याचे हात धुऊन तिनं त्याला खेळायला पिटाळलं. तो रडत गेला आणि पुन्हा कधी नळाकडे फिरकला नाही.

तेव्हा मला त्याचा हेवा वाटला होता, सुटला एकदाचा म्हणून. आता आईचा राग येतो, पण ती हार घातलेल्या फोटोत जाऊन बसली आहे. भांडू कुणाशी?

त्या दिवशी तो खेळायला गेल्यावर तिनं ती अर्धी चमकणारी घंटा उचलली आणि माझ्या पुढ्यात टाकली.