साडूंनी केलेला ड्रम

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोला तर नाहीच, कारण गोष्ट तिच्या बहिणीच्या घरातली आहे. विकतच्या वस्तूंचा माझ्या थोरल्या साडूंइतका तिटकारा अख्ख्या पुण्यात दुसऱ्या कुणाला नसेल. आणि तेच साडू आज कुणाचा तरी वापरलेला ड्रम विकत आणून घरात ठेवून आहेत, ते माझ्यामुळे.

साडू हडपसरच्या एका कारखान्यात लेथवर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी वारज्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीतच कारखाना थाटला. पोळपाट, चपलांचं कपाट, देव्हारा, सगळं त्यांच्या हातचं. वाळत घातलेले कपडे भुशाने माखायचे. मेव्हणीने तक्रार केली तर म्हणायचे, "बाल्कनी हवेसाठी असते. कपड्यांना हवा कशाला?" लग्नकार्याला गेले की बसण्याआधी खुर्ची उलटी करून सांधे बघायचे, मागे उभे असलेले पाहुणे ताटकळले तरी. आमच्याकडे नवं डायनिंग टेबल आलं तेव्हा ते त्याच्याखाली दहा मिनिटं उताणे पडून होते. चहा गार झाला. बाहेर आले, पँट झटकली आणि म्हणाले, "चांगलं आहे. फक्त वर जड काही ठेवू नका. म्हणजे ताटं वगैरे."

या माणसाला आयुष्यात एकच वस्तू मनापासून हवी होती. शाळेच्या बँडमध्ये गळ्यात अडकवून दोन काड्यांनी वाजवतात तो ड्रम. खालच्या पानाला, म्हणजे कातड्याला, तारा ताणलेल्या असतात, त्यामुळे तो नुसता धप्प न होता करकरून उठतो. साडूंनी तो शाळेत पाच वर्षं वाजवला आणि दहावीच्या शेवटच्या दिवशी ड्रिलच्या सरांनी तो त्यांच्या गळ्यातून काढून कपाटात ठेवला. हे सांगताना साठी उलटलेले साडू मानेवरून हात फिरवायचे, पट्टा चाचपल्यासारखा.

मी एकदा म्हटलं, "अहो, कात्रजला एक ऑर्केस्ट्रावाला सामान विकायला काढतोय. ड्रम उत्तम आहे म्हणे."

"साडूभाऊ, तुम्ही दुसऱ्याची कवळी लावून जेवता का?"

विषय संपला. ड्रम ते स्वतःच करणार होते. जुन्या पलंगाच्या शिसवी लाकडाच्या सोळा पट्ट्या, प्रत्येकीची कड तिरपी तासलेली, सरसाने जोडून सायकलच्या ट्यूबने करकचून बांधलेल्या. असे पाच ड्रम त्यांनी केले आणि पाचही नापास केले. आमच्या छत्र्या ज्यात उभ्या असतात, तो तिसरा. मला काही वाजवता येत नाही. तरी दोन वर्षं दर रविवारी मी तिथे स्टुलावर बसून असायचो, आणि त्यांच्याइतकीच त्या आवाजाची वाट बघत होतो.

सहावा जमला. पानं चढली, स्क्रू बसले. "आता पंधरा दिवस ताण द्यायचा नाही. सांधे बसू देत," असं बजावून साडू मेव्हणीला घेऊन सांगलीला लग्नाला गेले. झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे.

तिसऱ्या दिवशी मी ड्रमची चावी घेतली आणि पानं ताणणारे स्क्रू आवळले. समोरासमोरचे आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे असतात. शंभरदा ऐकलं होतं. मी एका बाजूने आवळत गेलो. मग काडी उचलली आणि एकदाच मारली. काय आवाज होता तो! कोरडा, लख्ख, आणि त्यामागून तारांची बारीक थरथर. मी स्क्रू आणखी अर्धा फेरा फिरवला. कट् झालं. एक सांधा वरपासून खालपर्यंत उघडला होता.

मी सगळे स्क्रू सैल केले, ड्रमवर फडकं टाकलं, झाडांना पाणी घातलं आणि घरी आलो.

साडू आले. फटीत नख घालून कितीतरी वेळ बघत राहिले. "हात गेला, साडूभाऊ," एवढंच म्हणाले. तेव्हा बोलायचं होतं. मी म्हणालो, "वय झालं, चालायचंच."

महिन्याभरात त्यांनी हत्यारं देऊन टाकली. कात्रजला एकटेच बसने गेले आणि ऑर्केस्ट्रावाल्याकडे अजून पडून असलेला तो ड्रम घेऊन आले. मी गेलो की दोन मिनिटं वाजवून दाखवतात. "तुम्ही म्हणालात तेव्हाच घ्यायला हवा होता. उगाच दोन वर्षं घालवली." हल्ली भिंतीत खिळा ठोकायलाही माणूस बोलावतात. बाल्कनीत कपडे वाळतात. मी अजून रविवारी जातो, पण आता हॉलमध्ये बसतो. टीव्ही चालू असतो.

साडूंनी स्वतः केलेला तो सहावा ड्रम साडूंनी कधी ऐकलाच नाही. तो ऐकलेला जगात मी एकटा. त्यांचा हात गेला नव्हता, ड्रम मी फोडला, आणि फुटण्याआधी तो वाजला होता. हे मला त्यांना सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.